देवाचा धाक आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्या

रविवारची भक्ती संपली की मराठी ख्रिस्ती माणसं चर्चच्या आवारात घोळक्याने उभी राहतात आणि बोलण्याचे विषय साधारण ठरलेले असतात. कुणाचं लग्न जमलं, कुणाला दवाखान्यात ठेवलंय, पाळकसाहेबांची बदली होणार की नाही, कब्रस्तानच्या भिंतीचं काय झालं. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एक विषय पक्का झाला आहे. देवाबद्दलचा आदर राहिला नाही हो. पुरावे लगेच हजर होतात. पोरं पुलपिटाशेजारी ड्रम बडवतात. मुली जीन्स घालून येतात. उपासना संगीताची पुस्तकं कपाटात पडली आणि भिंतीवरच्या पडद्याकडे बघून टाळ्या वाजवत गाणं सुरू झालं. काही चर्चच्या दारावर आता पोशाखाच्या सूचनांच्या पाट्याही दिसतात.

ही तक्रार मी हसण्यावारी नेत नाही. देवासमोर उभं राहताना अंगावर जो शहारा यायला हवा तो येत नाही, हे खरंच आहे. पण आदर गेला तो ड्रममधून आणि जीन्समधून गेला, हे निदान मला पटत नाही. या निदानाने आपण पोरांना दटावतो आणि मोठी माणसं ज्या दारातून देवाचा धाक बाहेर घालवतात ते दार उघडंच राहतं.

या विषयावर बायबलमधला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग दुसऱ्या शमुवेलाच्या सहाव्या अध्यायात आहे. दावीद राजा कराराचा कोश यरुशलेमेला आणायला निघतो. कोश म्हणजे एक पवित्र पेटी, इस्राएली लोकांच्या दृष्टीने देवाच्या सान्निध्याची जागा. तो कसा न्यायचा हे मोशेच्या नियमशास्त्रात स्पष्ट लिहिलेलं होतं: देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या लेव्यांपैकी कहाथाच्या घराण्याने, दांड्यांना खांदा देऊन, आणि हात न लावता. दावीदाच्या माणसांनी तो एका नव्या गाडीवर ठेवला आणि बैल जुंपले. ही रीत पलिष्ट्यांची, म्हणजे इस्राएलाच्या शत्रूंची होती. त्यांनी लढाईत पळवलेला कोश परत पाठवला तेव्हा असाच नव्या गाडीवर चढवून पाठवला होता आणि तो सुखरूप पोचलाही होता. मग माणसांनी खांदे का दुखवून घ्यायचे? पुढे नाखोनाच्या खळ्यापाशी बैल अडखळले, उज्जाने कोश सावरायला हात पुढे केला आणि तो जागीच मेला.

दावीद चिडला, मग घाबरला. कोश तिथेच ओबेद-अदोमाच्या घरी तीन महिने राहिला. दुसऱ्यांदा मिरवणूक निघाली तेव्हा कोश माणसांच्या खांद्यावर होता. वाहणारे सहा पावलं चालले तोच दावीदाने यज्ञ केला. आणि मग राजा तागाचं एफोद (याजकांचं साधं वस्त्र) नेसून, अंगात होती नव्हती ती सगळी ताकद लावून नाचला. राजवाड्याच्या खिडकीतून त्याची बायको मीखल, शौल राजाची लेक, बघत होती. तिला त्याची किळस आली. चाकरांच्या दासींसमोर राजाने असं वागावं?

आपल्या शब्बाथ शाळेत उज्जाची गोष्ट एका रविवारी सांगतात आणि दावीदाच्या नाचाची दुसऱ्या. दोन्ही एकाच अध्यायात सलग आहेत हे बऱ्याच जणांना मोठेपणी कळतं. सलग वाचल्या की लक्षात येतं, वाद्यं दोन्ही वेळा होती. पहिल्या मिरवणुकीतही वीणा, डफ, झांजा दणाणत होत्या. देवाने त्यांच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आक्षेप गाडीला होता. जे अंगावर वाहायचं ते सोयीसाठी चाकांवर चढवलं, याला होता. आणि त्या अध्यायात सभ्यतेची, राजघराण्याला शोभेल अशा वागणुकीची बाजू घेणारी एकच व्यक्ती आहे. ती खिडकीत उभी आहे. मिरवणुकीत ती आलेलीच नाही.

मीखल आपल्याकडे कुठून आली याचाही विचार करायला हवा. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ मध्ये आणि नगरला १८३१ मध्ये सुरू झालं. त्या मिशनरींनी शाळा काढल्या, दवाखाने चालवले, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केलं. त्यांचे उपकार मोजण्यापलीकडचे आहेत. पण त्यांच्याबरोबर त्यांच्या गावाकडची भक्तीची शिस्तही आली. लाकडी बाकं आली, चार आवाजांत गायची गीतं आली, पायात बूट ठेवून आणि टोपी काढून देवासमोर उभं राहणं आलं. ज्यांचे आजे-पणजे उंबऱ्याबाहेर वहाणा काढून, जमिनीवर बसून, टाळाच्या ठेक्यावर रात्र जागवत होते, त्यांना देवासमोर कसं बसायचं हे नव्याने शिकावं लागलं. मोशेला जळत्या झुडपातून अगदी सुरुवातीलाच आलेली एक आज्ञा ‘तू आपल्या पायातले जोडे काढ’ ही होती, आणि ती पाळण्याची सवय मराठी माणसाला आधीपासून होती. ती चर्चच्या पायरीवर सुटली. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या लहान देवळांत ती टिकली, शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये गेली. (आमच्याकडचे म्हातारे लोक चर्चला आजही देऊळ म्हणतात, तरुणांना ते खटकतं.)

नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांना ही उणीव जाणवली. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. नगरचे कृष्णाजी रत्नाजी सांगळे त्यांच्याही आधी ख्रिस्ती कीर्तनाची वाट चालत होते. १९१७ मध्ये टिळक मिशनच्या चाकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही येशूभक्तांची संगत उभी केली. दोनच वर्षांत ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. पण त्यांच्या मनात येशूभोवती जमलेल्या माणसांचं चित्र काय होतं, ते या नावावरून समजतं. दरबारात कोण मोठा याबद्दल कुणाला शंका नसते.

त्याच काळात केडगावला वेगळंच घडलं. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुली आणि बाया एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, पापांसाठी ढसाढसा रडू लागल्या. कित्येक शिकलेल्या ख्रिस्ती लोकांना हा प्रकार गावंढळ वाटला, काहींना भीतीदायक वाटला. रमाबाईंनी त्या मुलींना गप्प बसवलं नाही. भारतीय माणसाला त्याच्या स्वभावाप्रमाणे देवापुढे मोकळं होऊ द्या, पाश्चात्त्यांच्या मापाने त्याला मोजू नका, अशी त्यांची भूमिका होती. संस्कृतात पारंगत असलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई दुष्काळातून वाचवलेल्या पोरींच्या आरडाओरड्यात देवाचं भय ओळखू शकली. आजच्या आपल्या कमिट्यांना ते ओळखता येईल का, याची मला शंका आहे.

कॅथोलिक बाजूला हाच प्रश्न दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आला. लॅटिन जाऊन मिस्सा, म्हणजे कॅथोलिकांची मुख्य उपासना, मराठीत आली. १९६९ मध्ये भारतातल्या बिशपांच्या विनंतीवरून रोमने बारा बदलांना मंजुरी दिली: चर्चमध्ये पादत्राणं काढावीत, जमिनीवर बसावं, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून वाकावं किंवा पंचांग प्रणाम करावा, आरती ओवाळावी, याजकाने साधं उपरणं घ्यावं. बायबलच्या दृष्टीने यात गैर काहीच नव्हतं. जमिनीला कपाळ टेकणारे लोक पवित्र शास्त्रात पानोपानी आहेत, बाकावर बसणारे एकही नाहीत. तरीही ‘हे आपल्याला हिंदू करायला निघालेत’ अशी ओरड झाली आणि पुष्कळ धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) हे बदल कागदावरच राहिले. ओरड करणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे. ज्यांच्या पूर्वजांनी पोर्तुगिजांपासून सगळं सोसून आपली वेगळी ओळख टिकवली, त्यांना ती पुसली जाण्याची धास्ती वाटणारच. एवढंच म्हणायचं आहे की ज्याला आपण ‘पूर्वीचा आदर’ म्हणून उसासे टाकतो, त्यातला बराचसा भाग एका विशिष्ट देशातल्या विशिष्ट शतकातला शिष्टाचार होता. तो गेला म्हणून देव रुसलेला नाही.

मग नवी गाडी कोणती? सगळ्यात आधी कॅमेरा.

कुठल्याही ख्रिस्ती लग्नात पाहा. वधूवर वेदीपुढे उभे आहेत, पाळक वचनं देववत आहेत, आणि वेदीकडे पाठ करून, त्यांच्या आणि पाळकांच्या मधोमध फोटोग्राफर उभा आहे. अंगठी नीट दिसली नाही म्हणून ‘साहेब, एकदा परत घालायला सांगा’ अशी विनंती होते आणि ती मान्यही होते. देवाला साक्षी ठेवून उच्चारलेलं वचन लेन्ससाठी दुसऱ्यांदा उच्चारलं जातं. बाप्तिस्म्याला हेच, पहिल्या कम्युनियनला हेच. या मंडळींचा हेतू वाईट नसतो. उज्जाचाही नव्हता.

टाळेबंदीने आणखी एक गोष्ट रुळवली. मार्च २०२० मध्ये चर्च बंद झाली, त्या वर्षीचा १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) लोकांनी घरात मोबाइलसमोर साजरा केला. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात, सेंट पीटर्सच्या रिकाम्या चौकात, जवळजवळ एकटे उभे राहून प्रार्थना करत होते. ते दृश्य पडद्यावर पाहतानाही कित्येकांचे हात आपोआप जोडले गेले. तेव्हा पडद्यामुळे आदर मरतो असं सरसकट म्हणता येणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रविवारची भक्ती घरी ऐकू येते ही देवाची कृपाच आहे. पण धडधाकट माणूस जेव्हा पोहे खात खात, व्हिडिओ पुढे ढकलत ढकलत उपदेश ‘बघतो’, आणि पुलपिटावरचा माणूस समोरच्या दोनशे चेहऱ्यांऐवजी लेन्सकडे बघून बोलू लागतो, शेवटी आशीर्वादाच्या जोडीला चॅनल सबस्क्राइब करायलाही सांगतो, तेव्हा कोश गाडीवर चढलेला असतो. खांद्याला काही लागत नाही. उठून आवरणं नाही, पोरांना तयार करणं नाही, ज्याच्याशी बोलचाल बंद आहे त्याच्या शेजारी बसणं नाही.

दुसरी गोष्ट प्रार्थनेच्या भाषेची. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडे एक प्रार्थना पसरली आहे जिच्यात माणूस देवाला काही मागत नाही, बजावतो. मी जाहीर करतो, मी हुकूम करतो, हे घर मी क्लेम करतो, हा व्हिसा मी क्लेम करतो. वचन दिलंय ना, मग दे. ही माणसं शांतपणे, डोळे मिटून, स्वच्छ कपड्यांत प्रार्थना करत असली तरी मला त्यात धाक दिसत नाही. उलट जो माणूस देवाशी भांडतो त्याच्या भांडणात पुष्कळदा धाक असतो. ‘किती काळ, परमेश्वरा?’ म्हणणारा स्तोत्रकर्ता, आपल्या जन्मदिवसाला शाप देणारा ईयोब, देवाने आपल्याला फसवलं म्हणणारा यिर्मया हे सगळे पवित्र शास्त्रात सन्मानाने बसले आहेत. तुकोबांनी विठ्ठलाला काय काय सुनावलं हे मराठी माणसाला सांगायला नको. भांडणाऱ्याला ठाऊक असतं की समोरचा आपल्या मुठीत नाही. क्लेम करणाऱ्याला नेमका त्याचाच विसर पडलेला असतो.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो. देव आपला बाप आहे ना? येशूने त्याला ‘अब्बा’ म्हटलं. मग पोराने बापाच्या घरात पाय वाजवून चालायचं नाही का? आमच्या आधीच्या पिढ्यांना देव म्हणजे छडी घेतलेला मास्तर वाटायचा आणि त्या भीतीने कित्येक जण चर्चपासून कायमचे दुरावले. हा आक्षेप मला मोलाचा वाटतो, आणि जे लोक ‘धाक, धाक’ करत मुलांना दमात घेतात त्यांनी तो आधी ऐकावा. पण येशूने ‘अब्बा’ हा शब्द कुठे उच्चारला, तेही पाहावं. मार्काच्या शुभवर्तमानात तो गेथशेमाने बागेत येतो, जमिनीवर पडून, ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ या शब्दांच्या अलीकडे. आणि शिष्यांना त्याने जी प्रार्थना शिकवली तिच्यात पित्याला हाक मारल्यावर पहिली विनंती ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ ही आहे. भाकर नंतर येते. येशूच्या सांगण्यावरून जाळं टाकल्यावर कोळी असलेल्या पेत्राच्या जाळ्यात मासे मावेनासे झाले तेव्हा त्याने हिशेब मांडला नाही. तो गुडघ्यांवर पडून म्हणाला, ‘प्रभूजी, माझ्यापासून जा, कारण मी पापी मनुष्य आहे.’ येशू गेला नाही. ‘भिऊ नको’ म्हणाला. ‘भिऊ नको’ हे ज्याला भय वाटलं त्यालाच म्हणता येतं. आपण लेकरांना पेत्राचं वाक्य न शिकवता येशूचं उत्तर तेवढं पाठ करून घेतो.

आता मी या लेखातल्या सगळ्यात अवघड जागेकडे येतो. प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीत, आपल्याकडे प्रेषित पौलाचे शब्द वाचले जातात: जो अयोग्य प्रकारे ही भाकर खाईल किंवा प्रभूच्या प्याल्यातून पिईल तो प्रभूच्या शरीराबद्दल आणि रक्ताबद्दल दोषी ठरेल. चर्चमध्ये एकदम शांतता पसरते. प्रत्येक जण आपापली खासगी पापं आठवतो. ते चांगलंच आहे. पण करिंथच्या मंडळीला पौल हे कशावरून लिहीत होता? तिथले पैसेवाले लोक आधी येऊन खाऊन-पिऊन तर्र होत आणि कामावरून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. पौल विचारतो, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय? म्हणजे देवाच्या मेजाचा अपमान करिंथमध्ये कुणी मोठ्याने हसून किंवा विचित्र कपडे घालून केला नव्हता. शेजारच्या माणसाला कमी लेखून केला होता.

महाराष्ट्रात हे वाक्य वाचून जातीचा विचार न करणं अशक्य आहे. नगरच्या सुरुवातीच्या मंडळीत ब्राह्मण आणि महार दोघेही होते आणि प्रभूच्या मेजाशी दोघांना एकत्र यावं लागलं. १८४० च्या आसपास ही केवढी उलथापालथ होती याची कल्पना आज येणार नाही. बाप्तिस्मा घेणाऱ्या ब्राह्मणाला घरच्यांनी जिवंतपणी मेलेला मानलं, ते त्याने वेगळ्या देवाला हात जोडले एवढ्यासाठीच नव्हे. तो कोणाबरोबर जेवला, यासाठीही. देवाचा धाक त्या पिढीने असा अंगावर वाहिला. आणि आपण? मुलीला स्थळ बघताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न ख्रिस्ती घरांत आजही हळू आवाजात विचारला जातो. महार मूळ आणि मांग मूळ यांतलं अंतर कित्येक मंडळ्यांत चार पिढ्यांनंतरही पंच निवडताना डोकं वर काढतं. गोव्यातल्या काही गावांत चर्चच्या कॉन्फ्रारियांचं (धार्मिक बंधुसंघांचं) सदस्यत्व आणि सणाच्या मिरवणुकीतले मान पिढ्यान्पिढ्या जातीवर ठरत आले. तिथलं संगीत उत्तम असतं, पोशाख देखणे असतात, सगळं कसं रीतीला धरून असतं. यशया आणि आमोस या संदेष्ट्यांनी अशाच देखण्या सणांबद्दल देवाच्या तोंडून काय म्हटलं आहे ते मुद्दाम काढून वाचावं.

दात्यांच्या नावांचंही थोडं बोलायला हवं. चर्चमधल्या पंख्याच्या पात्यांवर ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ रंगवलेलं असतं. पंखा फिरत असेपर्यंत ते वाचता येत नाही, तेवढीच आपली सुटका. बाकांवर पट्ट्या, भिंतीत संगमरवर, कापणीच्या सणाला लाउडस्पीकरवरून नाव आणि रक्कम. जवळ होतं नव्हतं ते सगळं, म्हणजे दोन टोल्या (क्षुल्लक नाणी), दानपेटीत टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण त्याच मायक्रोफोनवरून सांगतो.

आणि शेवटी खुर्च्या. नाताळच्या कार्यक्रमात, आता तर नाताळच्या भक्तीतही, पहिल्या रांगेत पांढऱ्या टॉवेलने झाकलेल्या चार-सहा खुर्च्या ठेवलेल्या असतात. नगरसेवक येणार असतात, आमदार येणार असतात, कधी पोलीस ठाण्याचे साहेब. ते उशिरा येतात. गीत अर्ध्यावर थांबतं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मग त्यांचं मनोगत, मग फोटो, मग ते दुसऱ्या कार्यक्रमाला निघून जातात आणि येशूचा जन्म उरलेल्या वेळात होतो. चपलांजवळ पायरीवर बसलेल्या म्हातारीला त्या रिकाम्या खुर्च्यांवर तेवढा वेळ बसा, असं कुणी म्हणत नाही. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्या पाहुण्याला ‘इथे बसा’ आणि गरिबाला ‘तू तिथे उभा राहा’ म्हणणाऱ्या मंडळीचं जे वर्णन केलं आहे, त्यात फक्त शालीची भर घालायची बाकी आहे. मलाखी संदेष्टा तर उलट्या बाजूने टोचतो: लंगडं, आजारी जनावर देवाला वाहता, तेच एकदा आपल्या सुभेदाराला नेऊन द्या बघू, तो तुमच्यावर खूश होईल का? आपल्याकडे सुभेदाराला टॉवेल घातलेली खुर्ची मिळते आणि देवाला उरलेला वेळ.

हे केवळ मिंधेपण आहे असं म्हणून मी मोकळा होणार नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही भरत नाही. प्रार्थनासभेत कुणी घुसलं, धर्मांतराचा आरोप झाला, तर फोन कुणाला लावायचा हा प्रश्न पाळकाच्या डोक्यात सतत असतो. धर्मांतरविरोधी कायद्याची भाषा सुरू झाल्यापासून तर जास्तच. पहिल्या रांगेतली खुर्ची ही त्या भीतीची किंमत आहे. आपण माणसाला भितो, म्हणून देवासमोर माणसाला मोठं करतो. निर्गमाच्या पहिल्या अध्यायातल्या शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणींच्या बाबतीत बरोबर याच्या उलट घडलं. फारोचा हुकूम होता की इब्री बायकांना मुलगा झाला तर मारून टाका. त्या सुइणी देवाला भीत होत्या, म्हणून त्यांनी फारोचं ऐकलं नाही. बायबलमध्ये त्या प्रसंगातल्या फारोचं नाव नोंदवलेलं नाही. या दोघींची नावं आहेत.

मंडळीच्या कमिट्यांनी पोशाखाची पाटी लावण्याआधी करता येण्यासारखी काही कामं आहेत आणि त्यांना खर्च नाही. फोटोग्राफरला वेदीच्या पायरीखाली उभं करावं आणि वचनं चालू असताना कॅमेरा बंद ठेवायला सांगावा. लग्न ठरवायला आलेल्या घरच्यांना हे आधीच सांगितलं तर कुणी मोडता घालत नाही. प्रभुभोजनाचं थेट प्रक्षेपण बंद करावं, आजाऱ्यांकडे पंचांनी स्वतः भाकर घेऊन जावं. तेवढे खांदे अजून आपल्याकडे आहेत. चपला बाहेर काढायच्या की नाही यावर प्रत्येक मंडळीने भांडून एकदाचा निर्णय घ्यावा, मात्र ‘आपल्यात तसं नसतं’ हे कारण देऊ नये. ज्या पोरांच्या ड्रमवर आपण चिडतो त्यांना टिळकांचे अभंग वाजवायला द्यावेत. जमलं नाही तर तबला आहेच.

आणि साहेबांना जरूर बोलवावं. शेजारधर्म आहे, ते आपले लोकप्रतिनिधी आहेत, त्यांनी आपली सुखदुःखं ऐकलीच पाहिजेत. फक्त भक्तीची वेळ सकाळी नऊची असेल तर त्यांना साडेदहाची वेळ द्यावी, आवारातल्या मंडपात, चहा आणि केकला. तिथे शाल घाला, फोटो काढा, कब्रस्तानच्या भिंतीचं निवेदन द्या. ते नऊलाच आले तर आनंदच आहे. तेव्हा जिथे जागा असेल तिथे बसतील.